कान्होजींच्या त्रिशताब्दीला एक खेळ हवा

४ जुलै २०२९ रोजी मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या निधनाला ३०० वर्षं होतील. तारीख अजून लांब आहे, तरी मी आत्ताच लिहिते आहे, कारण जे मागायचंय ते आयत्या वेळी होण्यासारखं नाही. त्या दिवसासाठी मला कमान नको, स्मरणिका नको, आणखी एक पुतळाही नको. कान्होजींच्या समुद्रावरचा एक व्हिडिओ गेम हवा आहे. मराठीत, जमेल तिथे मालवणीत. गोळ्या झाडण्याचा नको; माणसांना विचारत, वस्तू गोळा करत, डोकं चालवत पुढे जाण्याचा हवा.

मी मिठबावची. कुणकेश्वरहून आचऱ्याकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरचं हे गाव. खाली पुळण, समुद्राच्या अंगाला गजबादेवीचं देऊळ, मागे हापूसच्या बागा. इथे मी संगणकाचे वर्ग घेते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मोबाईलवरचे सगळे मारामारीचे खेळ पाठ आहेत. कुठल्या बंदुकीला किती गोळ्या हे ती झोपेतही सांगतील. आपल्या घरासमोरच्या समुद्रात २७० वर्षांपूर्वी काय पेटलं होतं, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ठाऊक असायला त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मला स्वतःला समुद्रावरच्या खेळाची गोडी लागली ती लालबागला, मामाच्या खोलीत. मामा हिशेबाची कामं घरी आणायचा, त्यासाठी त्याने जुना संगणक घेतला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले की रात्री तो मोकळा मिळायचा. त्यावर एक खेळ होता, ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’. लुकासफिल्म गेम्स या अमेरिकन कंपनीने तो ऑक्टोबर १९९० मध्ये आणला होता. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या तिघांनी तो लिहिला. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याला ३५ वर्षं झाली. २०२२ मध्ये गिल्बर्ट यांनी त्याच मालिकेतला नवा भागही आणला.

कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर गायब्रश थ्रीपवुड नावाचा काटकुळा पोरगा येतो आणि म्हणतो, मला समुद्री चाचा व्हायचंय. त्याच्यापुढे तीन परीक्षा असतात. तलवारीची, चोरीची आणि पुरलेला खजिना शोधायची. पडद्याच्या तळाशी क्रियापदं मांडलेली: उघड, ढकल, ओढ, उचल, दे, बोल. तेवढ्यावर सगळी गोष्ट चालते. मराठी शाळेतली मी, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा ठेवून खेळायचे.

तलवारीची परीक्षा तर मी कधीच विसरणार नाही. तिथे हात चालवून काही होत नाही. समोरचा टोमणा मारतो, त्याला चपखल उत्तर द्यावं लागतं. उत्तर जुळलं तर तुमची तलवार पुढे सरकते, चुकलं तर त्याची. उत्तरं येत नाहीत तोवर हरत राहायचं, आणि हरता हरता दुसऱ्यांच्या तोंडची उत्तरं शिकायची. शेवटी तलवारबाजीची जी सर्वांत मोठी उस्ताद आहे ती बाई अगदी वेगळेच टोमणे मारते, आणि शिकलेली जुनी उत्तरं तिच्या टोमण्यांना लावून दाखवावी लागतात. पाठांतराने भागत नाही, अर्थ कळावा लागतो. हे पाहून मी चक्रावले, कारण हे मी आधी पाहिलेलं होतं. आमच्या जत्रेत दशावतारात लिहिलेली संहिता नसते. दोन राजे तलवारी उपसण्याआधी रंगमंचावर समोरासमोर उभे राहतात आणि आयत्या वेळी सुचलेल्या शब्दांनी एकमेकांना जेरीस आणतात. प्रेक्षक मध्यरात्री उठून बसतो तो त्या शब्दांसाठी. ज्या तऱ्हेचा खेळ मी मागते आहे, त्यासाठी लागणारी संवादाची कला सिंधुदुर्गात पिढ्यान्‌पिढ्या जिवंत आहे, हे मला तेव्हापासून दिसतंय.

आणखी एक गोष्ट. या खेळात जवळजवळ मरणच नाही. खेळणाऱ्याला क्षणोक्षणी मारून शिक्षा करणं हे वाईट रचनेचं लक्षण आहे, असं गिल्बर्ट यांनी १९८९ मध्येच एका लेखात मांडलं होतं. त्यामुळे पोर न घाबरता सगळीकडे हात घालून बघतं.

खेळाची सुरुवात मात्र एका सनाने व्हायची. बेकायदा नकला होऊ नयेत म्हणून कंपनीने खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांचं एक चक्र दिलं होतं. पडद्यावर एका चाच्याचा चेहरा यायचा आणि प्रश्न यायचा, याला अमुक बंदरात कोणत्या साली फाशी दिलं? चकत्या फिरवून चेहऱ्याचे दोन अर्धे तुकडे जुळवायचे आणि खिडकीत दिसणारा सन टंकायचा. मामाकडे त्या चक्राची झेरॉक्स होती, पुठ्ठ्यावर चिकटवून मधोमध टाचणी मारलेली. सन बरोबर असला की दार उघडायचं, आणि तो सन पुन्हा कुणाच्या लक्षात राहायचा नाही.

आपल्याकडे इतिहासाच्या तारखांचं असंच झालं आहे. सन सांगितला की परीक्षेत गुण मिळतात, समारंभात टाळ्या मिळतात. खेळात त्या दारापलीकडे एक अख्खं बेट होतं. आपण दार उघडतो आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो.

आमच्या जिल्ह्याला तारखांची कमी नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. ४ डिसेंबर हा नौदल दिन. २०२३ मध्ये तो इथेच साजरा झाला आणि त्या दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला. समारंभाची तारीख पाळली गेली, पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. त्या दिवशी आमच्या गावात लोक एकमेकांशी धड बोलत नव्हते. आता तिथे नवा पुतळा उभा आहे. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. कान्होजींच्या काळात, १७०५ मध्ये बांधलेला आमचा देवगड त्यात नाही. यादीचा आनंद मला झालाच. पण यादीत नाव आल्याने मुलाच्या मनात किल्ला येत नाही.

तारखेच्या आत शिरलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण विजयदुर्गातच आहे. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यावर दगडी कट्टे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने तिथून हेलियम शोधला, असं भाषणांतून सांगितलं जातं. घडलं वेगळं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची सावली भारतावरून गेली हे खरं, पण त्या दिवशी सूर्याच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा टिपणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. नॉर्मन लॉकयर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहणाविनाच त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमझी यांना. आणि लॉकयर विजयदुर्गात आले ते त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेलपोमेनी’ जहाजावरच्या खलाशांना शिकवून त्यांनी निरीक्षणाला लावलं होतं. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते.

हे मी विजयदुर्गाला कमी लेखायला सांगत नाही. ३० वर्षांच्या अंतराने दोन ग्रहणं, मध्ये एक न सापडलेला वायू, आणि आपल्या मूलद्रव्याचा पत्ता लागल्यावर पुन्हा ग्रहण पाहायला कोकणात उतरलेला साहेब ही गोष्ट भाषणातल्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी आहे. एखाद्या मुलाच्या हाती तो कट्टा, दोन पंचांगं आणि एक जुनं पत्र दिलं, तर तो स्वतःच कोडं सोडवेल. दिन साजरा करावा, जरूर करावा. २२ जानेवारीलाही करावा.

आता १३ फेब्रुवारी घ्या. १७५६ मध्ये या दिवशी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याकडचा विजयदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेला. अॅडमिरल वॉटसनचं आरमार समुद्रातून आलं, जमिनीवर उतरलेल्या फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. एका गोळ्याने ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली, आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून हस्तगत केलेलं जहाज ते. ती आग पसरत गेली आणि दोरखंडांनी शेजारी शेजारी बांधलेलं तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळून गेलं. गुराबा, गलबतं, सगळं. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत राहिले. आणि या मोहिमेत इंग्रजांचे मित्र होते नानासाहेब पेशवे. इथे समारंभाची जीभ अडखळते. आमच्या भागात १३ फेब्रुवारीला कुठे हार चढलेला मी पाहिलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी वर्गातल्या आठवी-नववीच्या मुलांना म्हटलं, या दिवसावर आपण एक छोटा खेळ करूया. स्क्रॅच हे फुकट मिळणारं साधन आम्ही वापरतो. पहिला प्रश्न आला, खेळणारा कोण? अर्थात तुळाजी, असं मुलगे म्हणाले. एक मुलगी म्हणाली, नको, शेजारच्या तांबळडेगच्या खलाशाची बहीण घेऊया. भाऊ विजयदुर्गात गलबतावर आहे, आणि ती त्याला आणायला निघाली आहे. किनाऱ्याने चालत, खाड्या तरीतून ओलांडत. सगळ्यांना ते पटलं. मग त्या मुलीला वाटेत काय लागेल याची यादी सुरू झाली. तरवाल्याला द्यायला सुके बांगडे, काथ्याचा दोर, ओहोटीची वेळ. ओहोटीची वेळ ठरवायला तिथी लागते हे एकाला घरून कळलं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. वर्गात कुणी न शिकवता पंचांग उघडलं गेलं.

वाडीतल्या एका वृद्ध तांडेलांकडे मुलं वहीपेन घेऊन गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आजोबा, विजयदुर्ग कुठल्या साली पडला? ते म्हणाले, “सन खयचो ता माका म्हायत नाय. खडप खय आसा ता इचार.” आणि मग त्यांनी खडपं, म्हणजे समुद्रातले खडक, सांगितली, वारे सांगितले, पहाटेचा मतलई कधी धरायचा आणि दुपारचा खारा वारा कधी, ते सांगितलं. खोल बुडाची इंग्रजी जहाजं खाडीत का शिरू शकत नव्हती आणि उथळ बुडाचं गलबत वल्ह्यांवर कसं निसटायचं, हे मुलांना पुस्तकातून आधी कळलं असतं तर ते एक वाक्य झालं असतं. आजोबांकडून कळल्यावर तो त्यांच्या खेळातला मार्ग झाला.

खरी अडचण पुढे आली. गिर्ये गावाजवळ त्या मुलीला वेढ्यातला एक शिपाई अडवतो. तो मराठी बोलतो, कारण तो पेशव्यांचा आहे. एक मुलगा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, मग आपण कुणाच्या बाजूचे?” मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, त्या मुलीने शिपायाला काय विचारावं, याचे तीन पर्याय लिहा, आणि प्रत्येकाला शिपाई काय म्हणेल ते लिहा. पुढचा आठवडाभर वर्गात याच्यावरच बोलणं चाललं होतं. शिपाई म्हणतो, तुझ्या तुळाजीने आमच्या मुलखाला उपद्रव दिला. मुलगी विचारते, म्हणून टोपीकराला घरात आणायचं? शिपाई म्हणतो, मला काय विचारतेस, मी हुकमाचा चाकर. तिसऱ्या पर्यायात शिपाई काहीच बोलत नाही, तिला वाट करून देतो. चौदा वर्षांच्या मुलांनी हे लिहिलं. भाषणाला एकच बाजू लागते. चित्रपटाला शेवटी एक खलनायक लागतो. संवादाच्या खेळात मात्र तिघांशी बोलता येतं आणि तिघांची म्हणणी हातात धरून पुढे जाता येतं. १७५६ सारख्या सालासाठी याहून योग्य रीत मला माहीत नाही.

कान्होजींच्या समुद्रात अशा जागा ठायी ठायी आहेत. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौका पकडली. तीत कारवारच्या वखारीचा अधिकारी आणि त्याची तरुण बायको होती. तो लढाईत मारला गेला, ती बंदिवान झाली आणि ३०,००० रुपये घेऊन पुढच्या फेब्रुवारीत तिला सोडण्यात आलं. किनाऱ्यावर जहाज चालवायचं तर कान्होजींचं दस्तक घ्या, हा त्यांचा कायदा. तो मानायला इंग्रज तयार नव्हते, म्हणून त्यांच्या कागदांत ते चाचे ठरले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. गुराबेच्या डोलकाठ्या, नाळेवरच्या तोफा, लाकूड कुठल्या रानातून यायचं, गिर्येजवळच्या गोदीत भरतीच्या पाण्याने जहाज आत कसं घ्यायचे, दस्तकावर शिक्का कुणाचा, खोटं दस्तक कसं ओळखायचं, यांतल्या प्रत्येकातून एक कोडं निघतं. जगाला आज समुद्री साहस म्हटलं की कॅरिबियन आठवतं, कारण तिथल्या गोष्टी कुणीतरी मन लावून सांगितल्या. मराठे जगप्रसिद्ध खेळांत आले, नाही असं नाही. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ मध्ये मराठा राज्य घेऊन खेळता येतं. पण तिथे आपण नकाशावरची फौज आहोत. तांबळडेगच्या मुलीला त्यात जागा नाही.

पालक मला दोन गोष्टी विचारतील, त्या आधीच सांगते. मोबाईलचं व्यसन असताना आणखी एक खेळ कशाला? व्यसन लावतात ते खेळ संपतच नाहीत. रोज नवं बक्षीस, रोज नवी खरेदी. अशा तऱ्हेच्या साहसखेळाला गोष्टीसारखा शेवट असतो. तो संपला की पोर उठतं, आणि पुष्कळदा खेळता खेळता मधेच उठून कुणाला तरी काहीतरी विचारायला जातं. दुसरी शंका, थोर पुरुषांचा खेळ मांडायचा का? नाही मांडायचा. कान्होजींना बाहुलं करून नाचवायला माझा विरोध आहे. खेळणारा साधा माणूस असावा, खलाशी, सुतार, तरवाला, दस्तक लिहिणारा कारकून. सरखेल एखाद्या प्रसंगी दिसावेत, आणि त्या प्रसंगाला वजन असावं.

हे बनवणारे हात महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला, तरी ते थांबले नाहीत. २०२० मध्ये खेळ आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट खेळांच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी धोरणही मंजूर केलं आहे. धोरण आहे, कारागीर आहेत, तारीख ठरलेली आहे.

म्हणून सरकारकडे मागणी स्पष्ट करते. त्रिशताब्दीसाठी जो निधी ठेवाल, त्यातला एक ठरीव वाटा या खेळासाठी आजच बाजूला काढा. संवाद दशावतारी कलावंतांकडून लिहून घ्या आणि त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा. कागदपत्रं वाचणारे इतिहासकार आणि समुद्र वाचणारे तांडेल, दोघांना एका टेबलाशी बसवा. आरमाराची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या गाबीत कुटुंबांना विसरू नका. खेळ फुकट द्या, आणि तो स्वस्तातल्या मोबाईलवर नि शाळेतल्या जुन्या संगणकावर चालला पाहिजे. तुळाजींचं प्रकरण गाळू नका.

किनाऱ्यावरच्या वाचकांना माझी वेगळी विनंती आहे, आणि ती कुठल्याही मंजुरीवाचून आजच सुरू करता येईल. खडपांची, वाऱ्यांची, जुन्या बंदरांची नावं ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या सुट्टीत घरातल्या मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. सन विचारू नका म्हणावं, खडप कुठे ते विचारा. वही भरली की गावच्या शाळेत द्या.